टाका कोणाचा, शब्द कोणाचा : हॅरिएट पॉवर्सच्या गोधड्या आणि आपल्या

गोधडी म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगत बसण्याचे कारण नाही. जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे थर एकावर एक अंथरून, कडेपासून आत येत धावदोऱ्याने शिवलेले हे पांघरूण आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी अंगावर घेतलेले आहे. काही भागांत तिला वाकळ म्हणतात. तान्ह्या बाळासाठी शिवली की तिचे दुपटे होते. संस्कृतातील ‘कंथा’ हा शब्द जुना आहे आणि नाथपंथी जोग्याच्या वेषात कंथेला मानाचे स्थान आहे. कर्जतच्या गोदड महाराजांच्या तर नावातच गोधडी आहे. म्हणजे वैराग्याचे चिन्ह म्हणून गोधडी आपल्या परंपरेत केव्हाच आली. ती शिवणारी बाई मात्र तिच्याबरोबर आली नाही. जोग्याने कंथा का पांघरली, याची उत्तरे आपल्याला ग्रंथांतून मिळतात. ती कंथा कोणी शिवली आणि शिवताना तिच्या मनात काय होते, हा प्रश्न फारसा कोणी विचारलेला दिसत नाही.

प्रश्न वरवर पाहता भाबडा वाटेल. गोधडी का शिवली, तर थंडी वाजते म्हणून, आणि नवे पांघरूण विकत घ्यायला पैसे नाहीत म्हणून. हे उत्तर खरे आहे, पण पुरेसे नाही. थंडीला कोणतेही कापड चालते. लाल काठ मध्यभागी असावा की कडेला, कोणाचे लुगडे फाडावे आणि कोणाचे ठेवून द्यावे, पहिल्या नातवासाठी कोणते मऊसूत कापड राखून ठेवावे, हे थंडी ठरवत नाही. तेथे शिवणारीची निवड सुरू होते. निवड आली की हेतू आला, आठवण आली, आवडनिवड आली. अडचण एवढीच की हा हेतू आपल्याला कळावा कसा? गोधडीवर सही नसते. ती शिवणाऱ्या बहुतेक स्त्रियांनी पत्रे, रोजनिश्या लिहिलेल्या नाहीत. आम्ही दोघे वाङ्मयाचे अध्यापक. संहितेतून लेखकाच्या मनाकडे जाण्याचा आमचा पेशा. त्या सवयीने आम्ही गोधडीही ‘वाचायला’ गेलो आणि एकदा चांगलेच चुकलो. त्या चुकीची हकीकत पुढे येईलच. ती सांगण्यापूर्वी, जिच्याबाबत टाके आणि शब्द दोन्ही शिल्लक राहिले आहेत, अशा एका स्त्रीकडे जाणे आवश्यक आहे. ती आपल्या मुलखातील नाही. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातील ही स्त्री कापसाच्या मळ्यांच्या प्रदेशात गुलाम म्हणून जन्मली. तिचे नाव हॅरिएट पॉवर्स.

१

हॅरिएटचा जन्म २९ ऑक्टोबर १८३७ चा. अथेन्स हे जॉर्जियातील एक गाव; त्याच्या आसपासच तिचे सारे आयुष्य गेले. १८५५ साली तिचे आर्मस्टेड पॉवर्सशी लग्न झाले. मुले पुष्कळ झाली, त्यांतली काहीच जगली. १८६१ ते १८६५ या काळातील यादवी युद्धानंतर गुलामगिरी कायद्याने संपली, तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना तो अर्पण केला, हे आपण जाणतोच. ज्या मुक्त झालेल्या माणसांचा विचार करून ती अर्पणपत्रिका पुण्यात लिहिली गेली, त्यांच्यापैकीच ही एक. पुढे पॉवर्स कुटुंबाने चार एकर जमीन घेतली. ती टिकवता टिकवता दमछाक झाली, आणि १८९० नंतरच्या दशकात तिचे तुकडे विकावे लागले.

१८८६ साली अथेन्समध्ये कापसाचा मेळा भरला होता. पिके, जनावरे, लोणची-मुरांबे यांच्याबरोबर तेथे एक गोधडी मांडलेली होती. अमेरिकेतील ही गोधडी आपल्यापेक्षा थोडी निराळी असते : वरचे कापड, खालचे अस्तर आणि मध्ये कापसाचा पातळ थर. हॅरिएटने वरच्या कापडावर माणसे, जनावरे, तारे यांचे आकार कापून लावले होते. अकरा चौकटी, आणि प्रत्येकीत बायबलातील एक प्रसंग : एदेनची बाग, काइनने केलेला हाबेलाचा वध, याकोबाचे स्वप्न, ख्रिस्ताचा बाप्तिस्मा, शेवटचे भोजन, क्रूस. कापलेले तुकडे मोजले तर ते तीनशेला एक कमी भरतात. हातशिलाई आणि यंत्रावरची शिलाई या दोहोंचा त्यात वापर आहे.

त्या मेळ्यात जेनी स्मिथ नावाची एक गोरी चित्रकार होती. गावातल्या मुलींच्या शाळेत ती चित्रकला शिकवीत असे. तिला ती गोधडी इतकी आवडली की शोध घेत ती हॅरिएटपर्यंत पोचली आणि विकत मागितली. हॅरिएटने कोणत्याही किमतीला देण्यास नकार दिला. चार-पाच वर्षे गेली. दिवस फिरले, घरात ओढगस्त आली, आणि हॅरिएटने स्वतःच गोधडी विकण्याची तयारी दाखवली. नेमके त्या वेळी स्मिथकडे पैसे नव्हते. पुढे तिने निरोप पाठवला. तेव्हा हॅरिएट बैलगाडीतून आली. गोधडी तिच्या मांडीवर होती. पिठाच्या स्वच्छ पिशवीत गुंडाळलेली आणि वरून पुन्हा गोणपाटात बांधलेली. तिने दहा डॉलर सांगितले. स्मिथ म्हणाली, पाचच देऊ शकते. हॅरिएट बाहेर जाऊन नवऱ्याशी बोलली आणि परत येऊन पाच डॉलरना गोधडी देऊन गेली.

ही हकीकत आपल्याला ठाऊक आहे, कारण जेनी स्मिथने ती लिहून ठेवली. जाण्यापूर्वी हॅरिएटने एकेका चौकटीचा अर्थ मोठ्या आस्थेने समजावून सांगितला, तोही स्मिथने टिपून ठेवला. पुढे हॅरिएट अनेकदा स्मिथच्या घरी केवळ आपली गोधडी पाहायला येत असे. घरात साठलेल्या कापडाच्या चिंध्या मी तुझ्यासाठी राखून ठेवीन, असे आश्वासन स्मिथने दिले, तेव्हा तिचे दुःख थोडेसे हलके झाले. या तपशिलापाशी आम्ही प्रत्येक वेळी थबकतो. गेलेल्या वस्तूच्या बदल्यात तिला मिळाले ते पुढच्या गोधडीचे कापड.

२

पुढची गोधडी झालीही. १८९५ साली अटलांटा येथील मोठ्या प्रदर्शनात पहिली गोधडी मांडली गेली. दुसरी १८९५ ते १८९८ च्या दरम्यानची मानली जाते. ती अटलांटा विद्यापीठाशी संबंधित स्त्रियांमार्फत चार्ल्स कथबर्ट हॉल या धर्मोपदेशकाला भेट म्हणून गेली. तिच्यात पंधरा चौकटी आहेत. व्यक्तिगत प्रेरणा म्हणजे काय, याचा विचार करायला ही दुसरी गोधडी अधिक उपयोगी आहे.

कारण तिच्यात बायबलाच्या जोडीला इतिहास आहे. एका चौकटीत १३ नोव्हेंबर १८३३ ची रात्र आहे. त्या रात्री उत्तर अमेरिकेच्या आकाशात सिंह राशीतील उल्कांचा असा वर्षाव झाला की जगाचा अंत आला, असे लोकांना वाटले. दुसरीत १९ मे १७८० चा दिवस आहे. त्या दिवशी ईशान्येकडील प्रांतांत भर दुपारी अंधार पडला होता. जंगलातील वणव्यांचा धूर हे त्याचे कारण आज सांगितले जाते. तिसऱ्या चौकटीत १० फेब्रुवारी १८९५ चा दिवस आहे. त्या दिवशीच्या थंडीत प्रार्थना करता करता गोठलेली बाई, दारूच्या सुरईपाशी गोठलेला पुरुष, आणि श्वासाचे बर्फ झालेले खेचर, हे सारे कापडात कापून लावलेले आहे.

या तीन तारखांपैकी हॅरिएटने स्वतः पाहिलेली तारीख एकच, १८९५ ची. तारे पडले ते तिच्या जन्मापूर्वी चार वर्षे, आणि काळा दिवस तर तिच्या जन्मापूर्वी सत्तावन्न वर्षे. तरीही तिन्ही प्रसंग सारख्याच हक्काने गोधडीवर आले आहेत. हे कसे घडले असेल, हे समजायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही. जन्माची नोंद नसलेल्या समाजात वय घटनेवरून मोजतात. जॉर्जियातील गुलाम कुटुंबांत ‘तारे पडले त्या साली’ अशी कालगणना होती. आपल्याकडेही आमच्या आजे-पणजे पिढीतील माणसे ‘प्लेगाच्या सालचा जन्म’ असे सांगत, आणि त्यांच्या नातवंडांना ‘बहात्तरच्या दुष्काळात झालेला’ असे म्हटले जाई. प्लेग न पाहिलेला माणूसही प्लेगाच्या आठवणी सांगू शके, कारण त्या ऐकत तो वाढलेला असे. ‘व्यक्तिगत’ या शब्दाचा अर्थ आपण फार आखूड करून ठेवला आहे : माझ्या बाबतीत घडले तेवढेच माझे. हॅरिएटच्या गोधडीत तो शब्द मोठा होतो. आईकडून, शेजाऱ्यांकडून, उपदेशकाकडून जे ऐकले आणि मनात धरून ठेवले, तेही तिचेच असते.

त्याच गोधडीत एक डुकरीण आहे. जॉर्जियापासून व्हर्जिनियापर्यंत पाचशे मैल पळत गेलेली ही स्वतंत्र डुकरीण. तिचे नाव बेट्स, असे त्या चौकटीच्या वर्णनात सांगितले आहे. ती ज्या चौकटीत आहे, ती देवाविषयी काही न शिकलेल्या श्रीमंतांची आहे. गुलामगिरीतून उत्तरेकडे पळालेल्या माणसांची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही, आणि अनेक अभ्यासकांनी तसा अर्थ लावलाही आहे. व्हर्जिनिया जॉर्जियाच्या उत्तरेलाच आहे. आम्हांलाही तो अर्थ मोहात पाडतो. पण हॅरिएटच्या म्हणून जे वर्णन आपल्यापर्यंत आले आहे, त्यात तो स्पष्टपणे सांगितलेला नाही. ‘स्वतंत्र’ हे विशेषण तेवढे तिने डुकरिणीला दिले आणि ती पुढे गेली. तिला जे म्हणायचे होते ते तिने एका विशेषणात म्हटले असेल, किंवा ती गावात ऐकलेली एक गमतीची गोष्ट असेल. दोन्ही शक्यता उघड्या ठेवणे, हीच तिच्याशी सभ्यपणे वागण्याची रीत आहे, असे आम्हांस वाटते.

३

आता शब्दांकडे वळू. पहिल्या गोधडीचा जो अर्थ आपण वाचतो, तो हॅरिएटचा म्हणून वाचतो. लेखणी मात्र जेनी स्मिथची आहे. स्मिथने तिचे बोलणे त्या काळच्या गोऱ्या लेखकांच्या प्रथेप्रमाणे मोडक्यातोडक्या उच्चारांत उतरवले. शेवटच्या भोजनाच्या चौकटीत यहूदाचा झगा इतरांहून वेगळ्या मळकट कापडाचा आहे. त्यावर स्मिथने त्याच्या चारित्र्याच्या रंगाविषयी एक हलकी कोटी केली आहे. ही कोटी हॅरिएटची की स्मिथची, हे सांगता येत नाही. स्मिथच्या कौतुकाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. तिने गोधडी जपली म्हणूनच १९६९ साली ती स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात पोचली. दुसरी गोधडी त्याच दशकात बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात आली. पण स्मिथच्या टिपणातून जी हॅरिएट जगापुढे उभी राहिली, ती भाबडी, श्रद्धाळू, निरक्षर म्हातारी होती. तिच्या हातून जणू आपोआप कला झाली होती. पुस्तकांतून हीच प्रतिमा पुढे चालत राहिली.

२००९ साली या प्रतिमेला तडा गेला. कायरा हिक्स या अभ्यासिकेने हॅरिएटवरील आपल्या ग्रंथात १८९६ सालच्या एका पत्राची प्रत उजेडात आणली. हे पत्र हॅरिएटने आयोवा राज्यातील कीओकक येथील लोरीन डायव्हर या बाईंना लिहिलेले होते. डायव्हरबाईंनी तिची गोधडी प्रदर्शनात पाहिली होती आणि तिच्याविषयी चौकशी केली होती. उत्तरात हॅरिएटने आपण लिहा-वाचायला कसे शिकलो ते सांगितले, आणि आपण केलेल्या गोधड्यांचा हिशेब दिला. तो वाचल्यावर कळते की तिने किमान चार गोधड्या केल्या होत्या. त्यांपैकी एक प्रभुभोजनावर होती आणि तिच्यात कापडाचे हजारो शंकरपाळी तुकडे जोडलेले होते. आज दोनच गोधड्या अस्तित्वात आहेत.

या पत्राने चौकटींचे अर्थ बदलले नाहीत. बदलली ती करणारी. ‘हे मी केले, या साली केले, त्यानंतर हे केले’, असे सांगणारी व्यक्ती आपल्या कामाकडे काम म्हणून पाहते. त्याचा क्रम तिच्या डोक्यात पक्का असतो. १ जानेवारी १९१० रोजी हॅरिएट वारली. म्हणजे ती स्वतः बोलली होती, पण ते ऐकू यायला तिच्या मृत्यूनंतर शंभर वर्षे लागली. मधल्या काळात तिच्या वतीने बोलणारे पुष्कळ झाले. १९९२ साली तर तिच्या बायबल-गोधडीच्या नकला चीनमध्ये करवून घेऊन बाजारात आणण्याचा परवाना खुद्द संग्रहालयानेच दिला, आणि त्यावर अमेरिकेतील गोधडी शिवणाऱ्या स्त्रियांनी मोठा निषेध नोंदवला. पाच डॉलर घेऊन गेल्यावरही पुन्हा पुन्हा आपली गोधडी पाहायला येणारी ती बाई आठवली की त्या निषेधाचे कारण समजावून सांगावे लागत नाही.

४

हॅरिएटचे उदाहरण अपवादात्मक आहे, पण एकटे नाही. बंगालमधील कांथा याच कुळातील : जुन्या साड्या आणि धोतरे एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवलेली, आणि त्या टाक्यांतूनच चित्रे उमटलेली. गुरुसदय दत्त या सनदी अधिकाऱ्याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खेड्यापाड्यांतून लोककलेच्या वस्तू जमवल्या. त्यांत मानदासुंदरी दासी नावाच्या स्त्रीची एकोणिसाव्या शतकातील एक कांथा आहे. तिच्यावर समकालीन शिपाई वगैरे आकृत्या आहेत. पण आमच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत ती तिच्यावर दोऱ्याने काढलेली अक्षरे. ही कांथा आपण वडिलांसाठी केली, असे त्या मुलीने त्यात शिवून ठेवले आहे. टाका तिचा आणि शब्दही तिचाच. मध्ये कोणाची लेखणी नाही. तिचा हेतू कळण्यासाठी आपल्याला दुसऱ्या कोणाच्या टिपणावर विसंबावे लागत नाही.

दुसऱ्या टोकाला आपल्या शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांची कवंदी आहे. आफ्रिकेतून आणलेल्या आणि पोर्तुगीजांच्या गोव्यातून पळून घाटावरच्या रानांत स्थिरावलेल्या माणसांचे हे वंशज. त्यांच्यापैकी पुष्कळांची बोली कोंकणीच्या जवळची आहे. कवंदी कडेपासून सुरू होते आणि गोल गोल फिरत मध्यापर्यंत येते. चार कोपऱ्यांवर घडी घातलेल्या तुकड्यांची ‘फुले’ लावावी लागतात. ती नसतील तर कवंदी उघडी राहिली, असे मानतात. येथे अक्षरे नाहीत. व्यक्तीचा हेतू प्रघाताच्या आत मावलेला आहे : फुले सर्वांनीच लावायची, पण कोणत्या कापडाची, ते जिचे तिने ठरवायचे.

आपली गोधडी या दुसऱ्या टोकाच्या जवळची. चैत्र-वैशाखात शेतीची कामे उरकली की सारवलेल्या जमिनीवर अस्तर अंथरायचे, त्यावर जुन्या लुगड्यांचे थर लावायचे, कडा टाचून घ्यायच्या, आणि दुपारच्या वेळी शेजारणीला हाताशी घेऊन आत आत शिवत जायचे. लुगड्याच्याच काठाचा धागा ओढून काढून दोरा करीत, हेही आम्ही ऐकले आहे. गोधडी विरली की टाकून न देता तिच्यावर नवा थर घालायचा. त्यामुळे जुन्या गोधडीच्या पोटात आणखी एक गोधडी असते. घटस्थापनेपूर्वी घरातील सारी अंथरुणे-पांघरुणे ओढ्यावर किंवा नदीवर नेऊन धोपटायची. त्यात ती वर्षागणिक झिजते. आणि शेवटी ज्या माणसाने ती पांघरली, ते गेले की पुष्कळ घरांतून त्याचे अंथरूण-पांघरूण देऊन किंवा जाळून टाकतात. पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, कुलपे जमवून घरगुती वस्तूंचे केवढे मोठे संग्रहालय उभे केले. पितळ टिकते. गोधडीला टिकण्याची सोयच आपल्या रीतींनी ठेवलेली नाही. मग तिच्यामागचा हेतू टिकणार कोठे? सांगणाऱ्याच्या तोंडी आणि ऐकणाऱ्याच्या कानी, एवढीच काय ती जागा.

५

आता आमच्या चुकीची हकीकत. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील विद्यार्थ्यांना आम्ही घरातील एका जुन्या वस्तूविषयी लिहायला सांगितले. एका मुलीने आजीची गोधडी आणली. लाल इरकली लुगड्याच्या पृष्ठभागावर पायथ्याकडे खाकी कापडाचा एक मोठा चौकोन होता. आजोबा एकेकाळी पोलिसात होते, एवढे त्या मुलीने सांगितले. आम्हांला तेवढे पुरले. महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात आम्ही एक लेख लिहिला. त्यात तो खाकी चौकोन म्हणजे दिवंगत पतीची स्मृती, लाल रंगावर उमटलेली विरहाची खूण, असे बरेच काही होते. लेखाचे कौतुक झाले. ज्यांच्या गोधडीवर तो होता, त्या आजींना भेटण्याचे मात्र आम्हांस सुचले नाही.

दिवाळीच्या सुटीत अंकाची प्रत घेऊन आम्ही त्यांच्या वाडीवर गेलो. नातीने लेख वाचून दाखवला. आजींनी तो शेवटपर्यंत शांतपणे ऐकला. मग हसून म्हणाल्या, “न्हाई ओ मास्तर. ती शेजारच्या पोराची शाळंची चड्डी हाय. टाचा घासत्यात तितं जाड कापड लागतंय. मालकांचे कपडे तर कवाच देऊन टाकले.”

आम्ही वरमलो. काहीतरी बोलायचे म्हणून आमच्यापैकी एकीने विचारले, “मग आजी, या गोधडीत तुमच्या आठवणीचे असे काहीच नाही का?” आजी काही वेळ गोधडीवरून हात फिरवीत राहिल्या. मग मध्याच्या थोडे वर एका ठिकाणी बोटांनी चाचपून म्हणाल्या, “हितं हाय, बाई. आईचं लुगडं. आत घातलंय.”

वरून काही दिसत नव्हते. हिरवट लुगडे, तिसऱ्या थरात. आई गेली तेव्हा यांना माहेरी पोचायला दोन दिवस लागले होते. सगळे आटोपल्यावर भावजयीने लुगडे हातात दिले होते. असे लुगडे वर का लावले नाही, हा पुढचा प्रश्न आमच्या तोंडून गेलाच. आजींनी आमच्याकडे, वर्गातल्या ढ मुलाकडे पाहावे, तसे पाहिले. “वर लावलं असतं तर झिजून गेलं नसतं का?”

त्यानंतर दोन वर्षांनी आजी गेल्या. रीतीप्रमाणे घरच्यांनी त्यांचे अंथरूण-पांघरूण देऊन टाकले. त्यात ती गोधडी गेली. घरच्यांना आम्ही दोष देत नाही. रीत त्यांनी केलेली नाही. पण परिणाम असा झाला की आज आमच्या ग्रंथालयात त्या गोधडीविषयीचा एकमेव लेखी पुरावा म्हणजे आमचा लेख, आणि तो खोटा आहे. उद्या एखाद्या अभ्यासकाला तो सापडला, तर खाकी चौकोन ही विधवेची शोकखूण म्हणून नोंदली जाईल. हिरव्या लुगड्याचे नावही कोठे येणार नाही. जेनी स्मिथला बोल लावण्याचा अधिकार आम्हांला आहे का, असा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात आहे. तिने निदान हॅरिएटला समोर बसवून ऐकून घेतले होते.

६

या अनुभवातून आम्हांला जे कळले, ते थोडक्यात मांडतो. गोधडीमागील प्रेरणा दिसणाऱ्या भागात असेलच, असे नाही. दिसणारा भाग पुष्कळदा उपयोगाने ठरतो. टाचा कोठे घासतात, यावरून. जे मोलाचे असते ते जपण्यासाठी आत घातले जाते. वाङ्मयाच्या अभ्यासकाला पृष्ठभाग वाचण्याची सवय असते, कारण त्याच्यापुढे संहिता तेवढीच असते. गोधडीच्या बाबतीत ती शिवणारी पुष्कळदा शेजारीच बसलेली असते. तिला न विचारता अर्थ लावणे याला समीक्षा म्हणता येणार नाही. तो आळस आहे. आणि ती हयात नसेल, तर आपला अर्थ हा आपलाच तर्क आहे, एवढे कबूल करण्याचा प्रामाणिकपणा तरी असावा.

काळही फार हाताशी नाही. सुती नऊवारी लुगडे नेसणाऱ्या स्त्रिया दिवसेंदिवस विरळ होत आहेत. कृत्रिम धाग्याच्या साड्यांची गोधडी सुळसुळते, तिला ऊब धरत नाही, अशी तक्रार शिवणाऱ्या स्त्रियाच करतात. दुसरीकडे शहरांतील दुकानांतून गोधडी आता शोभेची वस्तू म्हणून मानाने विकली जाते. शिवणाऱ्या हातांना त्यातून चार पैसे मिळत असतील, तर आनंदच आहे. मात्र दुकानासाठी शिवलेल्या गोधडीत आईचे लुगडे नसते आणि ते असावे, अशी अपेक्षाही नाही. त्या गोधडीचा इतिहास निराळा, आणि तो लिहिणारे मिळतील. घरातील गोधडीचा इतिहास मात्र घरातल्यांनीच लिहायचा आहे.

तेव्हा वाचकांना एक विनंती. येत्या भाद्रपदात गोधड्या धुवायला निघतील, तेव्हा घरातील वडीलधाऱ्या बाईजवळ थोडा वेळ बसावे. हे कापड कोणाचे, ते येथे का लावले, आत काय आहे, एवढेच विचारावे. त्या सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच बोलीत लिहून घ्यावे आणि खाली तारीख घालावी. ‘काही नाही, अस्तर संपलं होतं’ असे उत्तर आले, तर तेही तसेच लिहावे.

आम्ही आमच्या वार्षिक अंकाच्या त्या प्रतीत, लेखाच्या शेवटी, हाताने एक ओळ लिहून ठेवली आहे : खाकी तुकडा शेजारच्या मुलाच्या चड्डीचा, आईचे हिरवे लुगडे आत, तिसऱ्या थरात. ग्रंथपालांनी छापील पुस्तकावर लिहिल्याबद्दल आम्हांला बोलून घेतले. ते आम्ही ऐकून घेतले.